डाव्या भुवईची खूण

माझा जन्म तापीकाठचा. प्रकाशा म्हणून तीर्थ आहे, त्याच्या अलीकडे गाव, घर सुताराचं. साल विचारू नका मास्तर, आई एवढंच सांगे की पिलेगात लोकं गाव सोडून शेतात झोपड्या टाकून ऱ्हायले होते, त्या झोपडीत तू झाला, अन् तुझ्या बापानं तुझ्यासाठी पाळणा करायच्या आधी तीन तिरड्या बांधल्या. म्हणून नाव ठेवलं भिकन, देवाकडून भीक मागून आणलेला. तुम्ही शाळेतले, म्हणून मी शाळेची भाषा बोलून ऱ्हायलो, पण मधून मधून जीभ घसरेल, घरची बोली येईल, ती तशीच लिहा, सुधरवत बसू नका. मन्ही आंडेर, माझी लेक, शाळेची भाषा बोलत नव्हती, तिचं बोलणं सुधरवून लिहाल तर ती ती ऱ्हाणार नाही. आधीच अर्धी पुसली गेली आहे ती, तेही माझ्याच हातानं. सांगतो. थांबा जरा, पहिल्यापासून सांगू द्या.

बाप गाडे करायचा, बैलगाडे. पंचक्रोशीत त्याचा गाडा ओळखू यायचा. अन् मी त्याच्या पोटी कसा आलो देव जाणे, मला लाकूड तासायचं म्हटलं की पोटात दुखे, पण तासलेल्या फळीवर कोळशानं मोर काढायला सांगा, जेवण विसरायचो. बापानं वाकस फेकून मारला होता एकदा, सुताराचा वाकस माहीत आहे ना तुम्हाला, तासायचं हत्यार, हा बघा पोटरीवर वण. म्हणे, साल्या, गाडा चित्रावर चालतो की चाकावर? पण लोकच म्हणायला लागले, मिस्तरी, गाड्याला तुमच्या भिकनचा मोर पाहिजे, मग बाप चूप झाला. पोळ्याला बैलांची शिंगं, लग्नात दाराच्या दोन्ही अंगाला हत्ती, दुकानावर पाट्या, असं करत करत मी नंदुरबारला आलो. तिथं मिरचीच्या एका पोत्यावर मी गंमत म्हणून पोपट काढला, लाल मिरची चोचीत धरलेला. मिरचीवाले शेठजी मारवाडातले, पण चार पिढ्या इथंच. त्यांनी तो पोपट पाहिला अन् मला उभ्या उभ्या विचारलं, मिस्तरी, दगडावर काढशील का?

मला वाटलं, देवाची मूर्त घडवायला सांगतात. पण शेठजींचा छापखाना होता, दगडाचा. मिरचीच्या पोत्यांची लेबलं, कापसाच्या गठाणींची, लग्नाच्या पत्रिका, सगळं दगडावर काढायचं. तो दगड साधा नव्हता बरं का, विलायती, लोण्यासारखा गुळगुळीत, आगबोटीतून यायचा. त्यावर चरबीच्या शाईनं चित्र काढायचं, वरून गोंदाचं पाणी, मग रूळ फिरवला की चित्रावरच शाई धरते, कोऱ्या जागेवर धरत नाही. कागद ठेवून दाब दिला की झालं. फक्त एक मेख. दगडावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे. सगळं उलटं काढायचं, आरशात दिसतं तसं. माझा पहिला पोपट शेठजींच्या पाटीकडे पाठ करून बसला. सुरतेचे एक म्हातारे उस्ताद होते, जन्म दगडावर गेलेला, ते इतके हसले की त्यांचा ठसका थांबेना. म्हणाले, बेटा, आता तुझ्या डोळ्यांना खोटं बोलायला शिकव. शिकलो. काय सांगू तुम्हाला, असा शिकलो की दोन वर्षांनी मला रस्त्यावरची पाटी सरळ वाचताना अडखळायला व्हायचं.

वीस वर्षं काढली तशी. नवापूरपासून भुसावळपर्यंत कुठंही मिरचीचं पोतं बघा, पोपट माझा. पण भिकन सुतार कोण, विचारा, कुणी सांगणार नाही. चित्राखाली शेठजींची छाप. मला त्याचं काही वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. गाडा करणारा गाड्यावर नाव घालतो का? पण बापाची आठवण म्हणून कोपऱ्यात एक बारीक वाकस काढायचो, तांदळाएवढा, कुणाला दिसू नये असा. बाप मेला तेव्हा त्याला ते सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.

लग्न झालं, कौतिक आली घरात. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. आम्हाला लेकरं होत अन् जात. दोन गेली, मग मंजुळा झाली, ती ऱ्हायली. मंजी. ऱ्हायली म्हणून आम्ही दोघं तिच्याकडे असं बघायचो की बाई, तू खरंच आहेस ना. चालायला लागली तेव्हा छापखान्याच्या पायरीवर पडली अन् भुवई फुटली, मधोमध खोक पडली, केस उगवलेच नाहीत तिथं, भुवईचे दोन तुकडे झाले. डावी भुवई. आता डावी म्हणतो, मधे काही वर्षं मी उजवी म्हणत होतो, अन् त्या एका शब्दापायी तोरणमाळ चढून आलो, ते पुढे येईलच.

आमची एक बकरी होती, कबरी. मंजीची अन् तिची जोडी. एक दिवस कबरी चरायला गेली ती आलीच नाही, लांडग्यानं नेली की माणसानं, काय ठाऊक. मंजी महिनाभर रोज दिवस कलला की ओट्यावर उभी ऱ्हाऊन तोंडाला दोन्ही हात लावून हाका मारायची. कौतिक म्हणे, बस कर वं माय, गयी ती. मंजी म्हणे, गयी नही, रस्ता चुकनी.

मग ती मोठी लढाई लागली. आमच्या स्टेशनातून सोल्जरांच्या गाड्या जायच्या. सुरतेहून कागदाचे गठ्ठे यायचे, ते सोडवायला मी जायचो अन् मंजी माझ्या मागं, आठ-नऊ वर्षांची असेल तेव्हा. एकदा गाडी थांबली, खिडकीत एक गोरा, तांबडा लाल, अमेरिकेचा म्हणे. त्यानं मंजीकडे बघून डोळा मिचकावला, हिनं जीभ काढून दाखवली. मी म्हटलं मेलो आता. तो हसला अन् त्याच्या हातातलं पातळ पुस्तक त्यानं तिच्याकडे फेकलं, गाडी सुटली.

मास्तर, ते पुस्तक. मी वीस वर्षं चित्रं काढत होतो पण असं कधी पाहिलं नव्हतं. पानभर चौकटीच चौकटी, खिडक्या असाव्या तशा, एका खिडकीत घोडेस्वार, पुढच्या खिडकीत तो पडला, त्याच्या पुढच्या खिडकीत त्याचा कुत्रा पळतो मदत आणायला. रंग असे की ओले वाटावेत. अन् माणसांच्या तोंडातून पांढरे फुगे निघालेले, फुग्यात अक्षरं. मी विचार करत होतो की हे काय, धूर म्हणावा की थुंकी, अन् मंजी माझ्या कडेनं वाकून म्हणते, आबा, तो बोली ऱ्हायना. हिला अ की ठ येत नव्हता. अन् स्टेशनापासून घर येईस्तोवर तिनं मला सबंध गोष्ट सांगितली, कोण चोर, कोण मालक, कुत्र्याला किती भूक लागली होती. इंग्रजी एक अक्षर न वाचता. मी रस्त्यात उभा ऱ्हायलो. मला एवढंच सुचलं की अरे, आपल्या डोंगरातल्या लोकांना वाचता येत नाही, पण हे तर त्यांनाही वाचता येईल.

शेठजींना सांगितलं. शेठजी माणूस वाईट नव्हता. म्हणाले, कर मिस्तरी, लेबलांचं काम आटोपलं की कर, पण वर छाप आपल्या पोपटाची. मंजूर. गोष्ट कोणती करायची? मी रामायणातलं काही म्हणत होतो. मंजी म्हणे, कबरीनी कर. म्हणजे एक पोरगी आहे, तिची बकरी हरवते, ती शोधत शोधत डोंगर चढत जाते. गोष्ट सबंध तिची, मी फक्त हात. ती सांगे अन् मी काढे. ती मला ओरडे सुद्धा, आबा, बकरीले चार पाय ऱ्हातस, तू तीनच काढात. चौकटीतली पोरगी कोण काढायची हा प्रश्नच नव्हता. मी तिला समोर पाटावर बसवायचो अन् काढायचो.

कौतिकला ते आवडलं नाही, पहिल्या दिवसापासून नाही. आमच्याकडे डोंगराच्या गावांत माणूस मेलं की त्याचा दगड उभा करतात गावाबाहेर, त्यावर त्याचं चित्र असतं, घोड्यावर बसलेला वगैरे, तुम्ही पाहिले असतील. कौतिक म्हणाली, मरेल माणूसनं तोंड दगडवर काढतस, जित्या पोरनं नही. मी म्हटलं, बाई, तो दगड वेगळा, हा छापायचा दगड. ती म्हणे, दगड तो दगड. अन् तिनं त्या चित्राकडे कधी बघितलंच नाही. छापून आलं तेव्हाही नाही. हे ध्यानात ठेवा, तिनं कधीच बघितलं नाही.

पहिला भाग छापून निघाला. अन् काय झालं माहीत आहे? वीस वर्षं उलटं काढणारा मी, पोपटाचं पीस चुकलो नाही कधी, पण लेकीला समोर बसवलं अन् उलटं काढायचंच विसरलो. म्हणजे बाकी सगळं उलटं, बरोबर, पण तिचं तोंड जसं दिसत होतं तसंच सरळ दगडावर उतरवलं. डोळ्यांना खोटं बोलायला शिकवलं होतं ना उस्तादांनी, पण तिच्याकडे बघताना डोळ्यांना खोटं बोलता येईना. मग छापात खूण आली उजव्या भुवईवर. मंजीनं पान हातात घेतलं, आपल्या भुवईला बोट लावलं, चित्राच्या भुवईला लावलं, अन् अशी हसली, अशी हसली, जमिनीवर लोळली. आबा, हाई मी नही, हाई मन्ही बहीण शे! मी कान धरले. म्हटलं, दुसऱ्या भागात तुझीच भुवई, बरोबर जागी. वचन दिलं.

ते पुस्तक असं गेलं म्हणून सांगू, अक्कलकुव्याच्या बाजारात पोतंभर नेलं होतं शेठजींच्या माणसानं, रिकामं पोतं घेऊन आला. डोंगरातली माणसं मीठ-मिरची घेता घेता ते घेत, तिथंच उकिडवी बसून बघत, एकमेकांना सांगत. पहिल्या भागाच्या शेवटी पोरगी कड्यावर उभी आहे अन् तोंडाला हात लावून हाक मारते आहे, बकरी काही अजून सापडलेली नाही. लोक शेठजींच्या माणसाला विचारत, मग पुढे काय? सापडली का? शेठजी खूष, म्हणाले, मिस्तरी, यात्रेच्या आत दुसरा भाग झालाच पाहिजे. मंजी एकदाच हिरमुसली. पुस्तक उलटंपालटं करून म्हणाली, आबा, तुन्हं नाव कोठे शे? मी तिला कोपऱ्यातला वाकस दाखवला. म्हटलं, हे माझं नाव, कुणाला सांगू नको. तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुसरा भाग मी दोन दगडांवर काढायला घेतला. कागदाची तंगी, दगडांची तंगी, लढाईमुळे विलायतेहून काही येईना. अन् त्यात मंजीला ताप आला. हिवताप हो, आमच्याकडे कुणाला येत नाही? एक दिवसाआड थंडी वाजून यायचा, घाम आला की उतरायचा, पुन्हा उठून बकरीच्या गोष्टी. आधीच्या साली पण आला होता, गेला होता. तापावरचं कोयनेल मिळत नव्हतं, तेही लढाईनं खाल्लं. वैद्यानं काढा दिला. मला वाटलं जाईल. मला खरंच वाटलं जाईल, मास्तर.

त्या दिवशी सकाळी मी पागोटं गुंडाळत होतो तर ती गोधडीतून म्हणाली, आबा, आज मन्हाजोडे बठ. माझ्याजवळ बस म्हणे. मी म्हटलं, बठसू ना, यात्रा जवळ आली, शेवटचं पान ऱ्हायलं आहे. तर म्हणते, बकरी सापडनी का? मी म्हटलं, सकाय दाखाडसू. उद्या दाखवतो. तिनं मान हलवली. मी गेलो.

त्या दिवशी माझा हात असा चालला जसा जन्मात चालला नव्हता. तिचं तोंड, मोठं, अर्ध्या पानाएवढं, डोंगरावरच्या तळ्याकाठी वाकून बघणारं, अन् पुढच्या चौकटीत बकरी यायची होती. दुपारी शेजारची जनाबाई छापखान्याच्या दारात उभी ऱ्हायली, म्हणे, भिकनभाऊ, लवकर चला, पोर कसंनुसं करी ऱ्हायनी. मी म्हटलं, आलोच, एवढी रेघ ओढून येतो.

एवढी रेघ. ती रेघ भुवईची होती. त्या खुणेची. मी वचन दिलं होतं ना, या वेळी बरोबर जागी, म्हणून नीट, उलटी, मोजून काढत होतो. ओढली ती. कुंचला धुतला. हो, धुतला सुद्धा, सवय. मग पळालो. दोन गल्ल्या. ओट्यावर बायका उभ्या होत्या अन् मला बघून बाजूला झाल्या.

कौतिकनं माझ्याकडे बघून एकच सांगितलं. तुम्ही तिले दगडवर काढी ऱ्हायंतात अन् आठे घरमा ती तुमले हाका मारी ऱ्हायंती. मारायला हवं होतं तिनं मला. मारलं नाही. लहान लेकरू जाळत नाहीत आमच्यात, पुरतात, अन् त्याच्या आवडीचं बरोबर ठेवतात. कौतिकनं तिच्या उशाला ते अमेरिकेचं पुस्तक ठेवलं अन् आमच्या पुस्तकाची घरातली एकुलती एक प्रत ठेवली. न बघता ठेवली, पालथी. मला तेव्हा काही सुचलं नाही. एवढी पुस्तकं छापली, घरात एकच का ठेवली होती, ते मला विचारू नका, कुणाला वाटतं असं होईल म्हणून?

दुसरा भाग ऱ्हायला. शेठजींनी महिना-दीड महिना नाव काढलं नाही त्या दगडांचं, दोन्ही दगड भिंतीला तोंड करून उभे. पण मिरचीचा हंगाम आला, लेबलं पाहिजेत, अन् दगड कुठून आणणार. शेठजी माझ्याजवळ येऊन बसले, माझ्याशेजारी, जमिनीवर, शेठ माणूस. म्हणाले, मिस्तरी, तुम्ही घरी जा, मी दुसऱ्या कुणाकडून घासून घेतो. पण आमच्या छापखान्याची रीत होती, उस्तादांनी घातलेली, ज्यानं काढलं त्यानंच घासायचं. मी म्हटलं, नाही. तिला दुसऱ्याचा हात नको.

उस्ताद अजून होते, पार थकलेले, ते म्हणाले, भिकन, घासायच्या आधी एक छाप काढून ठेव. एकच कागद. मी म्हटलं, बकरीची चौकट कोरी आहे, अर्धं पान काय छापायचं, अन् बघणार कोण? रागानं म्हटलं. कुणावर राग होता मला काय माहीत. एका कागदाचं काम होतं, मास्तर. मिरचीच्या लेबलाच्या उरलेल्या कागदावर सुद्धा झालं असतं.

दगड कसा घासतात सांगतो. एक दगड खाली, दुसरा त्याच्यावर, तोंडाला तोंड, मधे बारीक रेती अन् पाणी, अन् वरचा दगड गोल गोल फिरवत ऱ्हायचं. दोन्हीवर तीच होती. खालच्यावर ती, वरच्यावर ती. वरची शाई लवकर जाते पण चरबी आत मुरलेली असते, कमी घासलं तर नव्या छापात जुनं चित्र फिकं फिकं वर येतं. म्हणून नवशिक्याला शिव्या बसतात. मला कधी बसल्या नाहीत. मी दोन दिवस घासलं. करडं पाणी पायावरून वाहत मोरीत जात होतं. माझं काम चोख, तेच मला नडलं. पुढे त्या दगडांवर लेबलं छापली तेव्हा मी एकेक कागद उजेडाला धरून बघायचो, कुठं भुवई दिसते का, हनुवटी दिसते का. नाही दिसली. नुसता पोपट.

त्यानंतर कौतिक माझ्याशी बोले, भाकर घेता का, लाकडं आणा, एवढंच. मंजीचं नाव नाही. तिनं काढलं नाही, मी काढलं नाही. लढाई संपली, स्वराज्य आलं, पेढे वाटले गावात, आम्ही दोघं एकेक पेढा घेऊन दोन कोपऱ्यांत बसलो. अन् एक दिवस, गेल्याच्या गेल्या साली, निवडलेले गहू बाजूला ठेवून ती एकदम म्हणाली, माले तिन्हं तोंड काढी द्या. घरमा काहीच नही तिन्हं.

मी कागद घेतला. काढलं. तिनं बघितलं अन् म्हणाली, खूण चुकनी. डावी व्हती. मी म्हटलं, उजवी. ती म्हणे, डावी. मी म्हटलं, बाई, मी काढली आहे तिला, शंभरदा काढली, माझ्या डोळ्यांसमोर आहे, उजवी. ती म्हणे, मी तिले न्हावू घालेल शे. अन् मास्तर, आम्ही भांडलो. इतक्या सालांनी तोंडं उघडली अन् भांडलो, जोरजोरात, शेजारचे येऊन दारात उभे ऱ्हायले, दोन म्हातारी माणसं एका भुवईवरून. मी असा हट्टी, म्हटलं पुस्तक शोधून आणतो अन् तुझ्या तोंडावर मारतो.

शोधायला निघालो. अक्कलकुव्याचा बाजार केला, दर आठवड्याला. लोक म्हणत, होतं बाबा, पोरांनी फाडलं, वाळवीनं खाल्लं, विडी वळली. मग मीठ विकणारा एक जण म्हणाला, तोरणमाळला एका घरात भिंतीला कागद आहे, बकरीवालीचा. गेलो. पायथ्यापासून वर पायी, या गुडघ्यांनी, चार ठिकाणी बसलो. कुडाचं घर, एक पावरा जमातीची बाई मोहाची फुलं पसरत होती. बाजारात येणारी होती ती, आमची बोली समजे तिला. म्हटलं, कागद बघायचा आहे. तिनं आत नेलं.

दाराच्या बाजूला, शेणानं सारवलेल्या कुडावर, पेजेनं चिकटवलेलं शेवटचं पान. धुरानं पिवळं. कोपऱ्यात वाकस, माझ्या बापाचा. अन् मधे ती, कड्यावर उभी, तोंडाला हात लावून. मी भुवई बघितली. उजवी! मी ओरडलोच, उजवी, मी सांगत होतो ना! बाई दचकली. माझ्या अंगात असं बळ आलं की आता उतरतो अन् कौतिकला सांगतो.

अन् मग मला हसू ऐकू आलं. तिचं. जमिनीवर लोळत हसलेली. हाई मी नही, हाई मन्ही बहीण शे.

छापात उजवी आहे म्हणजे लेकीची डावी. अन् दुसऱ्या वेळी मी दगडावर बरोबर उलटी काढली, म्हणजे दगडावरही ती उजवीच दिसत होती, अन् तो छापलाच नाही. माझ्या डोळ्यांत दोन्ही वेळची उजवी बसली होती. मी तिचं चित्र लक्षात ठेवलं अन् ती विसरलो. जिनं चित्राकडे कधी बघितलं नाही तिला लेक आठवत होती. मी तिथंच खाली बसलो अन् रडलो, परक्याच्या घरात, पुरुष माणूस. बाईनं पाणी आणलं. मग आपणहून सांगायला लागली की आमची बकरी वेळेवर परत आली नाही की पोरं या कागदासमोर उभी ऱ्हातात अन् हिला सांगतात, हाक मार. मी विचारलं, हिची बकरी सापडली का हो मग? तिनं कागदाकडे बघितलं. म्हणाली, अजून हाक मारून ऱ्हायली आहे ना, म्हणजे नसेल सापडली.

ती म्हणाली, पाहिजे तर ने कागद. मी हात लावून बघितला, कुडाच्या शेणासकट उखडून आला असता, तुकडे झाले असते. अन् ती बहीणच. असू दे म्हटलं, इथं तिच्याकडे काम आहे.

घरी आलो तर कौतिक ओट्यावर. मी एवढंच बोललो, डावी व्हती. ती म्हणाली, एवढा डोंगर चढी उनात हाई सांगाले? अन् तिनं माझा हात धरला, इतक्या सालांत पहिल्यांदा, माझं बोट उचललं अन् स्वतःच्या डाव्या भुवईवर ठेवलं. आठे व्हती, आठे. अन् जी रडायला लागली ती दिवेलागणीपर्यंत. मी बोट काढलं नाही.

आता छापखान्यात यंत्र आलं आहे, दगड अंगणात पायरीला लावले शेठजींच्या मुलानं, पोरं त्यावर पाय धुतात. मला डोळ्यांनी कमी दिसतं. पण रोज सकाळी मी पाटीवर तिचं तोंड काढतो अन् कौतिक शेजारी बसून सांगते, नाक असं नही, गाल भरेल व्हता. पुसतो, पुन्हा काढतो. भुवई बरोबर येते आता. पोरगी येत नाही. तोंड येतं, कुणाचं तरी, छान असतं, पण मंजी येत नाही. कौतिक म्हणते, ऱ्हाऊ द्या, सकाय काढा. मी म्हणतो, बरं, सकाय.

तुम्हाला लेक आहे म्हणालात ना मघाशी. मोठं आयुष्य मिळो तिला. लिहायचं ते लिहा, पण घरी गेलात की हे कागद बाजूला ठेवा अन् तिला समोर बसवा. कोणत्या गालावर तीळ आहे, कोणत्या बाजूला दात पडला, डावं उजवं नीट बघून ठेवा. अन् ते कधी कुणाला सांगायची पाळी तुमच्यावर न येवो. जा आता, ती वाट बघत असेल.